दमणच्या जहाजासाठी पुन्हा लिस्बन

आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एकटीच लिस्बनला निघाले, तेव्हा म्हापशातील शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘तिथे तुला सगळे गोव्यासारखेच वाटेल’ असे इतक्या खात्रीने सांगितले होते की, चार दिवस मी त्या शहरात पणजीचे फोंतेन्हास, म्हणजे तिथली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्तीच, शोधत फिरले. बेलेंचा मनोरा पाहिला, जेरोनिमुश मठात वास्को द गामाच्या कबरीसमोर उभी राहिले, आणि २८ क्रमांकाच्या ट्रामच्या गर्दीत पाकीट गमावून परतले.

यंदा यादी केली नाही. आल्फामा भागात चढावरची एक लहान खोली घेतली. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या लाटांनी आणि आगीने खालचे शहर जमीनदोस्त केले; ते पुढे तेव्हाचे मंत्री मार्किस द पोंबाल यांनी सरळ, काटकोनी रस्त्यांचे बांधून घेतले. आल्फामा बऱ्याच अंशी वाचले, म्हणून तिथल्या गल्ल्या आजही वाकड्यातिकड्या आहेत. (गुडघ्यांना हा फरक पुस्तकाआधी कळतो.)

दुसऱ्या दिवशी बॅगेला कुलूप हवे म्हणून एका जुन्या दुकानात शिरले. माझे पोर्तुगीज मोडकेतोडके, तरी दुकानदाराच्या तोंडचा ‘शाव’ म्हणजे चावी हे लगेच उमगले. मग मला चाळाच लागला. मी बादलीकडे बोट दाखवले, ते म्हणाले ‘बाल्द’. फितीच्या रिळाकडे दाखवले, ‘फिता’. साबणाकडे दाखवले, ‘साबांव’. एका कुलपासाठी आलेली ही बाई दुकानभर बोट का दाखवत सुटली आहे, हे त्या गृहस्थांना अखेरपर्यंत कळले नसावे.

खरे तर मी आले होते ते तेजो नदीपलीकडच्या काठासाठी. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून काशिल्यासला जाणारी फेरीबोट दहाएक मिनिटांत पलीकडे पोचते. पणजी–बेती फेरीत आयुष्य गेलेल्या मला इथे तिकीट काढावे लागते, याचे अजूनही जरा वाईट वाटते. आपल्या फेरीत पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. मात्र तेजो मांडवीहून कितीतरी रुंद आहे. इथून थोडे वर गेले की पात्र एवढे पसरते की त्या पाण्याला समुद्र म्हणतात, ‘मार दा पाल्या’, म्हणजे पेंढ्याचा समुद्र.

काशिल्यासला उतरले की कोरड्या गोदीत तीन डोलकाठ्यांची एक मोठी युद्धनौका उभी दिसते. तिचे नाव ‘दोम फेर्नांदो सेगुंदो ई ग्लोरिया’. ती दमणमध्ये सागवानात बांधली गेली आणि १८४३ मध्ये पाण्यात उतरली. नावातील ‘ग्लोरिया’ ही गोव्यातील ख्रिस्ती भाविकांची ग्लोरिया माता. पोर्तुगाल आणि भारत यांच्यामध्ये शिडांवर ये-जा करणाऱ्या पोर्तुगीज युद्धनौकांपैकी ही शेवटची. १९६३ मध्ये तिला आग लागली. जळका सांगाडा जवळजवळ तीन दशके तेजोच्या चिखलात पडून राहिला आणि नंतर डागडुजी होऊन १९९८ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. पहिल्या खेपेस मी याच काठावर येऊन, भूक लागली म्हणून, तिच्यावरून नजर फिरवून परत गेले होते.

माझे आजोबा सुतार होते. सागवान दिसले की ते आधी अंगठ्याच्या नखाने टोकरत आणि मग नाक लावत. तोफांच्या डेकवर आजूबाजूला कोणी नाही असे पाहून मीही एका फळीला नाक लावले. वास आला तो रंगाचा. मागून पहारेकऱ्याने खाकरून माझे लक्ष वेधले आणि हसत सांगितले की ही फळी नवी आहे, वरचे बरेचसे आगीत गेले. ‘मग दमणचे लाकूड कुठे?’ असे विचारताच त्याने बोटाने खाली दाखवले. मी जिन्याने खाली उतरले. तिथे उजेड कमी होता.