शेजारच्या आजींच्या भावाचं विमान

परदेशात शेजाऱ्यांना एकदा कळलं की तुम्ही आयटीत आहात, की प्रिंटरपासून टीव्हीपर्यंत सगळं तुमच्याकडे येतं. इंग्लंडमधल्या लिंकनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या इंग्रज आजी (मी त्यांना मनात आजीच म्हणते) एक दिवस कुंपणावरून एक लिफाफा पुढे करून म्हणाल्या, "तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस, तर हे शोधून देशील?"

आत दोन कागद. एक तार: तुमचा मुलगा ३०-३१ मार्च १९४४ च्या रात्रीच्या मोहिमेवरून परतलेला नाही. दुसरं सहा महिन्यांनंतरचं पत्र: सरकारी कामापुरतं त्याला मृत धरण्यात येत आहे. भाऊ एकवीस वर्षांचा, विमानात वायरलेस ऑपरेटर. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. जर्मनीत कुठेतरी त्याची कबर आहे एवढं त्या ऐकून होत्या. आईवडिलांनी घरात तो विषय कधी काढला नाही. आजींना आठवत होतं ते एवढंच, की तो शेवटचा रजेवर आला तेव्हा आईने त्याच्यासाठी जाड स्वेटर विणून पुरा केला होता. वर आभाळात फार थंडी असते म्हणून.

मला वाटलं, दोन संध्याकाळी लागतील. लागले पाच महिने.

पहिली चूक माझीच. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कबर सापडते, आणि तेही फुकट. पुण्यात खडकीची युद्ध दफनभूमी याच आयोगाकडे आहे, त्यामुळे नाव ओळखीचं होतं. पण मी आजी ज्या नावाने बोलत त्या नावाने शोधत बसले. आपल्याकडे घरात बाळू आणि शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय, तसाच प्रकार. शिवाय तारीख ३१ मार्च एवढीच टाकली. रात्रीच्या मोहिमेत नुकसान झालं तर नोंद कधी निघाल्याच्या तारखेची असते, कधी दुसऱ्या दिवसाची. दोन्ही तारखा टाकून पाहायच्या, हे कळायला दोन आठवडे गेले. मधल्या काळात एका खासगी संकेतस्थळाला मी पैसेही भरले. त्यांनी जे दिलं ते सगळं आयोगाच्या पानावरचंच होतं, फक्त रंगीत चौकटीत.

शेवटी आजींनी जन्मदाखला शोधून काढला आणि खऱ्या नावाने पाच मिनिटांत नोंद निघाली. राइनबर्ग युद्ध दफनभूमी, जर्मनी.

तारीख पाहून मात्र पोटात गोळा आला. ही जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरावरच्या हल्ल्याची रात्र. बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बफेकी विभागाची, संपूर्ण युद्धातली सगळ्यात वाईट. ७९५ विमानं निघाली, ९५ परतली नाहीत: ६४ लँकेस्टर, ३१ हॅलिफॅक्स, दोन्ही चार इंजिनांची अवजड बॉम्बर. म्हणजे शंभरात बारा. एका हवाई सैनिकाची पाळी तीस मोहिमांची असायची. शंभरात चार-पाच जाऊ लागली तरी तीसपर्यंत पोचणं कठीण, मग बारा म्हणजे काय, ते तुम्हीच पाहा. त्या रात्री अर्धा चंद्र होता, ज्या ढगांच्या आडोशाने जायचं ठरलं होतं ते ढग नव्हते, विमानांमागे पांढऱ्या वाफेचे पट्टे उमटत होते, आणि बेल्जियमपासून जर्मनीच्या मध्यापर्यंत अडीचशे मैलांहून लांब सरळ रेषेत उडायचं होतं. जर्मन रात्रीची लढाऊ विमानं वाटेवर तयारच. त्यातल्या काहींच्या तोफा वरच्या दिशेने तिरप्या बसवलेल्या होत्या. ती बॉम्बरच्या पोटाखाली येत आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर मारा करत. लँकेस्टरला खाली पाहणारा गनर बहुधा नसेच. आणि एवढं करून बॉम्ब न्यूरेंबर्गवर धड पडलेच नाहीत. शंभरावर विमानांनी चुकून श्वाइनफुर्ट या दुसऱ्याच शहरावर टाकले.

हे सगळं पुस्तकी झालं. आजींना त्यांच्या भावाचं विमान हवं होतं.

त्यासाठी स्क्वाड्रनची रोजनिशी लागते. ती लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत आहे आणि घरबसल्या उतरवून घेता येते. इथे दुसरी ठेच. रोजनिशीचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० मध्ये महिन्याचा सारांश: हवा कशी होती, कोण रजेवर गेलं, आणि त्याच दमात 'आपली अमुक विमानं बेपत्ता'. मी तोच उतरवला आणि हिरमुसले. हवा असतो फॉर्म ५४१. त्यात प्रत्येक विमानाचा क्रमांक, सातही जणांची नावं, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, आणि शेवटी शेरा.

भावाच्या लँकेस्टरसमोर निघाल्याची वेळ रात्री दहाच्या आसपासची. परतल्याचा रकाना कोरा. शेरा एका ओळीचा: निघाल्यानंतर काही कळलं नाही. वरच्या-खालच्या विमानांसमोर चार-चार ओळी आहेत, कुठे निशाणाचे दिवे दिसले, कुठे ढग होते. टंकलेखन करणाऱ्याने इथे फक्त ओळ सोडली आहे. मी त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ पाहत बसले होते.

मग मागचे महिने उघडले आणि त्याच्या मोहिमा मोजल्या. अकरा पूर्ण. ही बारावी.

शोध इथेच थांबायचा, पण आमच्या इथल्या एका निवृत्त शिक्षकांनी एक युक्ती सांगितली. ते हौसेने हेच काम करतात. म्हणाले, क्रूमध्ये ऑस्ट्रेलियन आहे का बघ. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ए७०५ नावाची मालिका आहे. त्यांच्या हवाईदलातल्या मृत आणि बेपत्ता सैनिकांच्या फायली, त्यातल्या पुष्कळ स्कॅन केलेल्या, कुणालाही फुकट पाहता येणाऱ्या. विमान एकच, त्यामुळे एकाच्या फाईलमध्ये सातही जणांची हकीकत येते. यादीत पाहिलं, तर शेपटीच्या गनरपुढे ऑस्ट्रेलियन हवाईदलाची आद्याक्षरं. इतके दिवस ती डोळ्यांसमोर होती!

ती फाईल जवळपास ऐंशी पानांची. पहिली पानं गनरच्या आईच्या पत्रांची. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं, म्हणून ती इंग्लंडातल्या बाकी सहा घरांचे पत्ते मागत होती. मग जिनिव्हाच्या रेडक्रॉसमार्फत आलेली जर्मन मृतांची यादी. आणि मग ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो कागद: १९४७ सालचा, बेपत्तांचा शोध घेणाऱ्या हवाईदलाच्या पथकाचा अहवाल. युद्ध संपल्यावर या पथकाचे अधिकारी जर्मनीत गावोगाव फिरत, गावप्रमुखाला, कबर खणणाऱ्याला, शेतकऱ्याला विचारत. या अहवालात एका शेतकऱ्याची जबानी आहे. त्याने मध्यरात्रीनंतर जळतं विमान टेकडीवर पडताना पाहिलं. गावाने सातही जणांना आपल्या दफनभूमीच्या कडेला पुरलं. पुढे त्यांना तिथून काढून राइनबर्गला नेलं.

त्यानंतरची दोन पानं वाचताना जीव घट्ट करावा लागतो. प्रत्येक पेटी उघडून काय सापडलं त्याची यादी. गळ्यातले ओळख-बिल्ले दाबलेल्या तंतूंचे असत, ते जळत किंवा कुजत. म्हणून कपड्यांवरून ओळख पटवत. ऑस्ट्रेलियन गनरचा गणवेश गडद निळा, बाकीच्यांचा राखाडी-निळा, त्यावरून तो ओळखला. आजींचा भाऊ बाहीवरच्या बिल्ल्यामुळे सापडला: मूठ, आणि त्या मुठीतून फुटणाऱ्या विजा, वायरलेस ऑपरेटरची खूण. शर्टाच्या कॉलरवर धोब्याची खूण होती, तीही जुळली. आणखी एकाची ओळख पटली. उरलेले चौघे एकत्र पुरले आहेत, दगड मात्र चौघांचे वेगळे.

ही पानं आजींना द्यायची का, यावर घरात आमचा वाद झाला. नवरा म्हणाला, गाळून दे. मी आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. आता नाही वाचलं तर कधी वाचू?" ज्यांना असं काम करायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं, की आधी विचारा. परस्पर ईमेल करू नका.

त्यांनी भिंग घेऊन ती यादी वाचली. शर्ट, अंगरखा, बूट. मग पान उलटून मागे पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून. "इतरांच्या नावापुढे स्वेटर आहे," त्या म्हणाल्या. "याच्या नाही."

मी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हता. काय बोलावं सुचेना. जळला असेल, असं म्हणणं तर शक्यच नव्हतं. त्यांना वेगळीच शंका: तो घालून गेलाच नाही, आणि वर कुडकुडला.

पुढच्या शनिवारी मी ईस्ट कर्कबीला गेले. इथून तासाभराच्या आत, जुन्या तळावरचं संग्रहालय, तिथे एक खरं लँकेस्टर आहे, 'जस्ट जेन' नावाचं. बाहेरून अवाढव्य, पंखांचा विस्तार १०२ फूट. लिंकनच्या टेकडीवर बॉम्बर कमांडचं जे स्मारक आहे, सुमारे ५८,००० नावं पोलादी पत्र्यांवर कोरलेलं, त्याच्या मनोऱ्याची उंची याच मापाची आहे. आत मात्र एस.टी.च्या टपावर सामान रचल्यासारखी दाटी. मधे पंखांची तुळई आडवी येते, तिच्यावरून गुडघे सोलवटत चढावं लागतं. तुळईच्या पुढेच डावीकडे वायरलेसचं टेबल. मी तिथल्या मार्गदर्शकांना विचारलं, इथे थंडी किती असायची? ते हसलेच. इंजिनाची गरम हवा आत सोडायचं तोंड नेमकं या माणसाजवळ होतं, म्हणाले. मागचा गनर उणे तीसमध्ये गोठायचा, नकाशावाला पडद्याआड काकडायचा आणि उष्णता वाढवा म्हणायचा, आणि हा इथे घामाघूम. वायरलेसवाले बहुतेक वेळा नुसत्या शर्टावर बसायचे.

परत येताना थेट आजींकडे गेले, कोटही न काढता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचं आधण ठेवलं, आणि बराच वेळ पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"म्हणजे त्याला उकडत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आईला आवडलं नसतं. सहा आठवडे विणत होती."