लोवेचचा क्लब कागदावर सोफियाला गेला

सातबाऱ्यावरचं नाव बदलावं तसं फुटबॉल क्लबचं नाव आणि गाव बदलता येतं, हे बल्गेरियात येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. ऑफिसातला एक सहकारी सीएसकेए सोफिया या राजधानीतल्या बलाढ्य फुटबॉल क्लबचा कट्टर समर्थक. जेवताना तो सहज म्हणाला, "लीगमध्ये खेळायचं आमचं आत्ताचं लायसन्स खरं तर लोवेचच्या क्लबचं." आणि सूप प्यायला लागला. मी कोल्हापूरचा. पाटाकडील या आमच्याकडच्या फुटबॉल संघाचं लायसन्स घेऊन कुणी पुण्यात संघ उतरवला तर शिवाजी पेठेतली माणसंसुद्धा चिडतील हो, आणि ती तर पाटाकडीलची जन्माची वैरी!

त्यामुळे शनिवारी गाडी काढली आणि लोवेच गाठलं. सोफियापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. ओसम नदीच्या काठचं गाव, वस्ती तीस हजारांच्या आतबाहेर. नदीवर कोल्यो फिचेतो या नामांकित कारागिराने 1870च्या दशकात बांधलेला लाकडी, छपराचा पूल, आत दुतर्फा दुकानं. तो 1925 साली जळला, मग पुन्हा बांधला. वासिल लेव्स्की या त्यांच्या क्रांतिकारकाच्या गुप्त संघटनेचं केंद्रही इथलंच, आणि जवळच्या काक्रिना गावातल्या खानावळीजवळ तुर्कांनी त्याला पकडलं. गंमत म्हणजे सोफियातल्या ज्या क्लबाने लेव्स्कीचं नाव घेतलंय, त्याच्याशीच खेळताना लोवेचचा घात झाला. ते पुढे येईलच.

क्लब 1921चा, तेव्हा नाव हिसार्या. मग राजवटी बदलत गेल्या तशी नावंही: कार्पाचेव्ह, ओसम, लेक्स. 1996 मध्ये ग्रिशा गांचेव्ह या उद्योगपतीने क्लब हातात घेतला आणि आपल्या कंपनीचं नाव दिलं, लितेक्स. 1997 मध्ये संघ वरच्या लीगमध्ये चढला आणि 1998 मध्ये थेट विजेता! चढल्या चढल्या पहिल्याच हंगामात अजिंक्यपद, तेही सोफियाच्या दादा क्लबांच्या नाकावर टिच्चून. 1999 मध्ये पुन्हा. मग 2010 आणि 2011. शिवाय चार वेळा राष्ट्रीय कप. युरोपात मॉस्कोच्या स्पार्टाककडून सपाटून मार खाल्ला, पण 2005-06 च्या युएफा कपमध्ये शेवटच्या बत्तीस संघांपर्यंत गेले आणि स्ट्रासबुर्गपाशी थांबले. एवढंसं गाव! आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडचं छप्पर धड नसतं. (कोल्हापूरचं आहे, उगाच कुणी सांगायला येऊ नका.)

पैसा एकाच माणसाचा होता, हे मान्य. मला ते सुरुवातीला खटकलंही. पण आमच्या शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला तेव्हा तरी वर्गणी कुठे काढली होती? आश्रयदात्याशिवाय खेळ उभा राहत नाही. शिवाय गांचेव्हच्याच लितेक्सने 2012 साली लोवेचजवळ चिनी ग्रेट वॉल गाड्यांची जुळणी सुरू केली. तो कारखानाही पुढे बंद पडला, ही गोष्ट वेगळी.

आता तो सामना. 12 डिसेंबर 2015, समोर लेव्स्की सोफिया. पंचांनी लितेक्सच्या खेळाडूला लाल कार्ड दाखवलं, वर पेनल्टी दिली. मध्यंतरही झालं नव्हतं. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावलं आणि संघ गेला. संपलं. मैदान सोडणाऱ्या संघाला नियम सोडत नाही. चार वेळचा विजेता लीगमधून बाहेर, आणि दहा संघांची लीग नऊवर आली. उरलेला हंगाम वरच्या संघाचे खेळाडू खालच्या लीगमध्ये लितेक्सच्या दुसऱ्या संघातून खेळले.

हा नियम मला पटतो आणि पटतही नाही. शाहू स्टेडियमवर पंचांच्या निर्णयावरून काय काय होतं ते मी गॅलरीतून बघितलंय. बाटल्या येतात, खेळ थांबतो, दोन्हीकडची वडीलधारी माणसं मध्ये पडतात, पंधरा मिनिटांनी पुन्हा शिट्टी होते. बेशिस्त आहे, कबूल. पण एका रागाच्या दुपारीपायी अख्खी पेठ कायमची बाद करायची, एवढे निर्दयी आपण नाही. इथली शिस्त मला एरवी आवडते. बिल वेळेत भरणाऱ्यांतला आहे मी. तरी चूक पदाधिकाऱ्याची आणि शिक्षा सूर्यफुलाच्या बिया सोलत बसणाऱ्या म्हाताऱ्या प्रेक्षकाला, हे कसलं शिस्तपालन?

खरा दणका पुढेच. सीएसकेएला कर्जापायी 2015 मध्ये लायसन्स नाकारलं गेलं होतं आणि तो बलाढ्य क्लब तिसऱ्या पायरीवर खेळत होता. तो आता याच गांचेव्हच्या हाती होता. तिसऱ्या पायरीवरून त्यांनी 2016चा राष्ट्रीय कप जिंकला, हा पराक्रम खराच. पण वरच्या लीगमध्ये यायला लायसन्स हवं. ते लितेक्सकडे होतं. 2016च्या उन्हाळ्यात लितेक्सची कंपनी सीएसकेए-सोफिया झाली. लोवेचमध्ये लितेक्स नावाने पुन्हा संघ उभा राहिला, पण दुसऱ्या लीगमध्ये.

स्टेडियमजवळच्या कॅफेत दोन म्हातारे भेटले. माझं मोडकंतोडकं बल्गेरियन आणि त्यांचे हातवारे यावर तासभर निघाला. एक म्हणाला, गांचेव्हने दिलं, गांचेव्हने नेलं. दुसऱ्याला ते पटलं नाही. त्याच्या मते गावाने कधी मागितलंच नव्हतं. मला पहिल्याचं पटलं. माणसं मोठ्या शहराकडे जातातच. मीही कोल्हापुरातून पुण्याला आणि पुण्यातून सोफियाला आलो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मी माझ्या पेठेचा संघ बॅगेत घालून आणला नाही, एवढाच फरक.

सोमवारी त्या सहकाऱ्याला गाठलं. म्हटलं, कागद लोवेचचे घेतलेत, मग लोवेचची चार अजिंक्यपदंही मोजता का? तो हसला. "छे, आमची एकतीस आमची. लोवेचची लोवेचकडे."

म्हणजे लायसन्स तेवढं चाललं.