सामाईक बोअरवर ठिबक: माझा अनुभव

ठिबकासाठी अर्ज करायचा असेल तर आधी पहाणी (कर्नाटकातला सातबारा) काढून बघा. आमची जमीन आजोबांच्याच नावावर होती. कर्नाटकात २ हेक्टरपर्यंत ठिबकाला ९० टक्के अनुदान आहे, पण उताऱ्यावर नाव आपलं लागतं. म्हणून आधी पौती खातं (म्हणजे वारसानं नाव लावणं), मग फ्रूट्स आयडी (शेतकरी नोंदणीचा नंबर), त्यानंतर रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत अर्ज. पहाणीवर कन्नडात आडनाव एक, आधारवर दुसरं, हे सीमाभागात घरोघरी. त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलं तर हेलपाटे वाचतात. बोअर आमच्या तीन घरांत सामाईक, म्हणून तिघांनी एकमेकांना संमतीपत्रं दिली.

खरा घोळ पाण्याच्या पाळीचा झाला. आमचं रान बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या पूर्वेला. कृष्णा तालुक्यातूनच जाते, पण आमच्यापासून लांब. थ्री-फेज वीज सात तास. आजवर एकेका घराला अख्खा दिवस मिळायचा. पाटानं सऱ्या भरायच्या आणि पुढच्या पाळीची वाट बघायची. ठिबकाला ते चालत नाही, त्याला रोज थोडं थोडं लागतं. म्हणून मी रोज प्रत्येक घराला दीड तास अशी पाळी सुचवली.

आमच्यातले जाणते आबा म्हणाले, "दीड तासात ऊस भिजतो व्हय रं?" मग बॅरल लावून बोअरची धार मोजली. ताशी १५ हजार लिटरच्या आसपास भरली. पाच फुटी सरी, ४० सेंटिमीटरवर ड्रीपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी), म्हणजे एकरी साडेसहा हजार ड्रीपर. प्रत्येकी ताशी २ लिटर धरलं तर दीड तासात वीस हजार लिटर. एकरभर पसरलं तर ५ मिलिमीटर. उसाची दिवसाची भूक साधारण एवढीच. आबांनी हिशेब दोनदा तपासला.

तीन घरांचा एकेक एकर ऊस साडेचार तासांत उरकला. उरलेल्या अडीच तासांवर धाकट्या काकांचा डोळा: अजून एकरभर ऊस लावू. मी अडून बसलो. वाचलेलं पाणी नव्या उसाला घातलं तर बोअरचा उपसा काही कमी होत नाही. शिवाय पाटाचं थोडं तरी खाली मुरायचं, आता तेही नाही.

शेवटी पाळीच्या कागदावर लिहून घेतलं, तीन एकरांपुढं ऊस नाही. उरल्या वेळात हरभऱ्याला एखादं पाणी. काकांनी कुरकुरत सही केली. स्टार्टरच्या पेटीची किल्ली मात्र आबांकडंच आहे.