केशर पान्हा चोरत नव्हती

काल दुपारच्या धारेला केशरनं 910 मिली दिलं. एका धारेला! तीन आठवडे हीच घोडी 150-200 मिलीवर येऊन अडत होती, आणि मागच्या नोंदीत मी तिला सरळ पान्हाचोर ठरवून मोकळा झालो होतो. चोरी तिची नव्हती, घोळ माझा होता. कसा, ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी निदान दोघांनी ‘आमचीही अशीच करते’ असं कळवलं होतं.

वेळापत्रक तेच आहे. तिघींचीही शिंगरं आता अडीच महिन्यांची झाली. पहिले सहा आठवडे कासेला हात लावायचा नाही, हा नियम पाळला. सकाळी आठला शिंगरं वेगळी करायची, संध्याकाळी सहाला परत सोडायची, रात्रभर आईपाशी. मधल्या दहा तासांत दर दोन तासांनी धार, म्हणजे पाच धारा. माझ्या बाकीच्या दोन घोड्या, रेवा आणि तांबडी, प्रत्येक धारेला 700-800 मिली देतात. केशरचं मात्र पहिलं 150 मिली भसाभस यायचं आणि मग कास जणू कुलूप लावून बसायची.

घोडीच्या कासेत साठवण फार कमी असते, बहुतेक दूध वरच्या ग्रंथींत असतं. ते खाली उतरतं ते पान्हा आला तरच. म्हणजे मला मिळत होतं ते फक्त खालच्या छोट्या टाकीतलं. एवढं निदान पहिल्याच आठवड्यात झालं होतं. पुढचं सगळं चुकलं.

पहिला संशय यंत्रावर. संच मूळ शेळ्यांचा. विकणारा म्हणाला होता, ‘घोडीलाही चालतो.’ चालतो, पण घोडीचा सड आखूड आणि निमुळता, त्यामुळे आतलं रबर त्याला वर वर खेचत जातं. निर्वात, म्हणजे यंत्राची ओढ, 45 किलोपास्कलवरून 40 वर आणला, रबर बदललं, नव्या कपांचा आणखी एक संच मागवला. नऊ दिवस यात गेले. दहाव्या दिवशी शहाणपण सुचून हातानं धार काढली, तर 180 मिली. म्हणजे यंत्र निर्दोष. ही चाचणी पहिल्या दिवशी का केली नाही, ते विचारू नका.

मग खुराक. दाणा वाढवला, गवत तपासलं. गाभण घोडीला बुरशी लागलेलं टॉल फेस्क्यू गवत मिळालं तर व्याल्यावर दूधच उतरत नाही, हे आपल्यातल्या जुन्यांना माहीत आहे. पण इथे ती शंका टिकतच नव्हती. संध्याकाळी शिंगरी सुटली की सरळ कासेला भिडायची, घुटक्यांचा आवाज दहा पावलांवर यायचा, तोंडाला फेस. टेपनं मोजलं तर वजनही बरोबर वाढतंय. म्हणजे दूध आहे, फक्त माझ्यासाठी नाही.

पान्ह्याचं इंजेक्शनही सुचवलं गेलं. एखाद्या अडल्या वेळी ठीक, पण दिवसाला पाच वेळा सुई टोचून घेणारी घोडी सहाव्या वेळी मला जवळ उभं करेल का? नको म्हटलं.

उलगडा झाला तो भलत्याच कारणानं. शिंगरीची मागच्या पायाची चाल बघायची म्हणून धाकट्या भावानं फोनवर व्हिडिओ काढला होता. रात्री तो बघत बसलो. शिंगरी कासेला ढुशा देते, साधारण विसाव्या सेकंदाला केशरची मान खाली येते, एक मागचा पाय सैल पडतो, शेपटी स्थिर. हाच पान्हा! मग मी शिंगरीला ओढून बाजूला करतो, कोमट पाणी आणतो, कास धुतो, पुसतो, सडांना औषध लावतो, परत पुसतो, कप शोधतो. घड्याळ लावून मोजलं तर 85 सेकंद. पान्हा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा जोर जेमतेम काही मिनिटांचा, त्यातला मोठा वाटा मी स्वच्छतेत घालवत होतो. रेवा समजूतदार, तिला दुसऱ्यांदाही पान्हा येतो. तिच्यावर बेतलेली पद्धत मी तिघींना लावली.

आता क्रम उलटा केला. आधी कास धुऊन कोरडी, भांडं हाताशी, मग शिंगरी 15-20 सेकंद, मान खाली आली की शिंगरी बाजूला, एका ओल्या फडक्यानं सड पुसून पहिल्या दोन धारा वेगळ्या भांड्यात आणि लगेच सुरुवात. लाळेबद्दल कुरकुर करणारे करतील. पुसणं आणि गाळणं मी चुकवत नाही. पहिल्या दिवशी धारेला 640 मिली, दुसऱ्या दिवशी 780. सडाला दोन छिद्रं असल्यामुळे हाताखाली दोन-दोन धारा एकदम सुटतात, तो आवाज तीन आठवड्यांनी ऐकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी 130. बादली फेकणारच होतो. सगळं तेच, तेच हात, तीच वेळ. मग लक्षात आलं, केशर सारखी डावीकडे मान वळवून बघतेय. भावानं त्या दिवशी शिंगरी उजव्या अंगाला धरली होती, कारण डावीकडे चिखल होता. ही शिंगरी कायम डावीकडूनच पिते. डावीकडे आणली, पुढच्या धारेला 820. एका उदाहरणावर सिद्धांत बांधू नये, कबूल. म्हणून आज मुद्दाम उजवीकडे धरून पाहिलं: 210. परत डावीकडे: 860. पुरे एवढं.

कालची बेरीज 3.9 लिटर. नेहमीचं सूत्र लावलं, म्हणजे मिळालेलं दूध गुणिले 24 भागिले वेगळं ठेवल्याचे तास, तर पूर्ण दिवसाचं दूध 9.36 लिटर येतं. 430 किलोच्या घोडीला वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या ढोबळ अंदाजात हे बसतं. आधीचा आकडा होता 2.16 लिटर. तेवढ्यावर शिंगरू असं गुटगुटीत होतं का? वहीत तो आकडा लिहिताना मला खटकायला हवं होतं. सूत्र फक्त आपल्या भांड्यात आलेलं मोजतं, घोडीतलं नाही.

आणि इथेच पैदाशीचा बेत उलटला. केशरला मी पैदाशीच्या यादीतून काढून टाकलं होतं. आता पुढचा माज आठवड्याभरात यायला हवा. नराला लावली तर अकरा महिन्यांच्या गाभणपणाचं गणित धरून पुढचं वेत उशिरा पडेल. रिकामी ठेवून हिवाळ्यात 16 तास उजेड दिला तर लवकर माजावर आणता येईल, पण वर्षाचा खंड पडेल. हे लिहायला बसलो तेव्हा रिकामी ठेवायचं ठरलं होतं. आता वाटतंय, लावूनच टाकावी. अडचण नराची. नर बघायला जावं तर मालक उंची, चाल, रंग, बक्षिसं सगळं सांगतात. त्याच्या आईनं दूध किती दिलं, हे विचारलं की माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

कुमिसची, म्हणजे घोडीच्या दुधाच्या आंबवलेल्या पेयाची, चौथी खेप जमली, हे जाता जाता. दुसऱ्या खेपेनं झाकण उडवलं होतं, म्हणून आता हवा सोडत राहतो. दह्यासारखं घट्ट काही होत नाही म्हणून निराश होऊ नका. घोडीच्या दुधात केसीन, म्हणजे दही बांधणारं प्रथिन, कमी, त्यामुळे बारीक कणच राहतात. खरं काम घुसळण्याचं. मंगोलियाची कातडी पिशवीत घुसळायची पद्धत 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती काही उगाच नाही. माझा खांदा साक्ष देईल.

आणखी एक आत्ताच सुचलं. तांबडी तोबऱ्याची खडखड ऐकूनच पान्हा सोडते, शिंगरू यायच्या आधी. तीच सवय केशरला लावायची: शिंगरी कासेला लागली की त्याच क्षणी तोबरा, रोज पाचही वेळा, आणि शिंगरीचा वेळ हळूहळू 20 वरून पाच सेकंदांवर. जमलं तर शिंगरी तोडल्यावरही वेत काही आठवडे ओढता येईल. यंत्र रेवा-तांबडीपुरतं, केशर हातावरच.

तो नवा कपांचा संच मात्र तसाच खोक्यात पडलाय. कुणाला हवा असेल तर कळवा. शेळ्यावाल्यांनी विचारू नये, तुमच्याही कामाचा नाही.