‘हे तुमचंच दुखणं का?’ : कंबरेच्या तपासणीचा माझा अनुभव

कंबर दुखते म्हणून गेले आणि पहिला प्रश्न आला तो लघवीचा. लघवी नेहमीसारखी होते का, तुंबते का, नकळत सुटते का? शौचाची जाणीव आहे ना? दोन्ही मांड्यांच्या मधे, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे, बधिर वाटतं का? दोन्ही पायांतली ताकद एकदम गेल्यासारखी वाटते का? फिजिओथेरपिस्ट मॅडम एकेक विचारत होत्या आणि टिपून घेत होत्या. मग ताप, विनाकारण उतरलेलं वजन, पूर्वी कधी कॅन्सर, अलीकडे पडणं-झडणं, स्टेरॉइडच्या गोळ्या, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारी वेदना. माझं सगळ्याला ‘नाही’ आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, लघवीचं किंवा त्या बधिरपणाचं ‘हो’ आलं असतं, तर मी तुम्हाला टेबलावर घेतलंच नसतं. थेट हॉस्पिटलात धाडलं असतं." पाठीच्या कण्यातून खाली उतरणारी शिरांची, म्हणजे मज्जातंतूंची, जुडीच दाबली गेली तर ही लक्षणं येतात आणि मग काही तासांचा उशीरही महागात पडतो. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण कंबरदुखीवर आपल्याकडे सल्ले ढीगभर मिळतात, पण हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

माझं ठाण्याच्या नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटेपासून ओट्याशी उभं राहायचं, कणीक मळायची, पिठाचे डबे हलवायचे. कंबरेत उसण भरणं मला नवीन नव्हतं, शेकलं की उतरायची. या वेळी मात्र कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरली आणि तिथून पावलाच्या बाहेरच्या कडेला. करंगळीला मुंग्या. केंद्रातल्या मावशींपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद, ‘मणक्यातली गादी सरकलीय, एमआरआय काढून टाका.’ एका ठिकाणी दाखवायला गेले तर तिथेही पाठीला हात न लावता एमआरआयची चिठ्ठी हातात पडली. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पाचपाखाडीतल्या या मॅडमकडे पाठवलं.

त्यांनी फोनवरच सांगितलं होतं की सैल पायजमा आणि मागून वर करता येईल असा टॉप घालून या. पाठ उघडी दिसल्याशिवाय कंबर तपासता येत नाही. खोलीला पडदा होता, मदतनीस मुलगी आत थांबली होती आणि प्रत्येक वेळी हात लावण्याआधी मॅडम विचारत होत्या. आपल्या बायका लाजेपोटी साडीवरूनच दाखवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आधी नुसतं उभं राहायला सांगितलं. मॅडम मागे उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याच मोबाइलवर पाठीचा फोटो काढून मला दाखवला. कंबरेच्या वरचं माझं सगळं धड उजवीकडे कललं होतं. मला सरळ उभं असल्यासारखंच वाटत होतं! दुखणाऱ्या शिरेवरचा ताण टाळायला शरीर आपलं आपण असं झुकतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर त्यांनी तळहात टेकवून उंची पाहिली. त्या हाडांच्या वरच्या कडेच्या पातळीवर साधारण कंबरेचा चौथा मणका येतो, तिथून मोजत त्या अंगठ्याने एकेक मणका दाबत खाली आल्या.

इथे पहिल्यांदा तो प्रश्न आला. एका जागी दाबल्यावर मी ‘आई गं’ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दुखलं ते कळलं. पण हे तुमचंच दुखणं का? ज्यासाठी आलात ते?" ते वेगळं होतं, तिथल्या तिथे हुळहुळणारं. जोरात दाबलं तर कुणाचीही कंबर थोडी दुखते. पुढच्या प्रत्येक चाचणीत त्यांनी हेच विचारलं, आणि मला कळत गेलं की तपासणीचा अर्धा भार माझ्या उत्तरावर आहे. नुसतं ‘दुखतं’ म्हणून भागत नाही. कुठे, कुठपर्यंत, नेहमीचंच की निराळं, हे सांगावं लागतं.

मग हालचाली. पुढे वाका, मागे वाका, हात मांडीवरून घसरवत डावीकडे, उजवीकडे. पुढे वाकायच्या चाचणीला त्यांनी टेप आणि पेन घेतलं. कंबरेखाली दोन बाजूंना ज्या खळ्या असतात त्यांच्या पातळीवर एक खूण, तिच्या १० सेंटीमीटर वर दुसरी, ५ सेंटीमीटर खाली तिसरी. उभं असताना वरची आणि खालची खूण १५ सेंटीमीटरवर. पूर्ण वाकल्यावर हे अंतर निदान २० तरी व्हायला हवं. माझं साडेसतराच्या आसपास अडलं. १९३७ साली शोबर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, पुढे तिच्यात सुधारणा झाली. मणके हळूहळू जखडत जाणाऱ्या संधिवातात ती खास कामाला येते. माझ्या बाबतीत स्नायूंनी कंबर आवळून धरली होती, एवढाच तिचा अर्थ.

ताकदीची परीक्षा मला सोपी वाटली होती. टाचांवर चालले, जमलं. चवड्यांवर चालताना डावी टाच खाली खाली येऊ लागली. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचलायला सांगितली, तर उजवी सहज वर जात होती आणि डावी थोड्याच वेळात थकली. मॅडमनी पायाचा अंगठा वर दाबून धरायला सांगितला, तिथे दोन्ही पाय सारखे. कापसाने पावलाची बाहेरची कड घासली तर डावीकडे स्पर्श पुसट. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली की दोन्ही पाय उडाले, टाचेच्या वर मागे दोरीसारखा जो भाग हाताला लागतो तिथे मारली तेव्हा डावं पाऊल जेमतेम हललं. पोटरीची ताकद, करंगळीकडच्या कडेचा स्पर्श आणि टाचेचा ठोका (हातोडी मारल्यावर पाऊल उडणं) ही तिन्ही कामं मुख्यतः माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या पहिल्या शिरेची, म्हणजे एस-१ ची. अंगठा ढिला पडला असता तर संशय तिच्या वरच्या शिरेवर गेला असता. एमआरआय न काढता, हातोडी आणि कापसावर हे कळलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग उताणं झोपवून पाय सरळ ठेवूनच वर उचलला. उजवा छान वर गेला, शेवटी गुडघ्यामागे ताण आला, तो बहुतेकांना येतोच. डावा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला आणि पोटरीपर्यंत कळ गेली. हीच ती, माझीच. पाय किंचित खाली घेऊन त्यांनी नुसतं पाऊल माझ्याकडे वळवलं, की पुन्हा तीच. साधारण ३० ते ७० अंशांत अशी पायभर कळ आली तर शीर चिडलेली असण्याचा संशय बळावतो. उजवा पाय उचलल्यावर डावीकडे कळ येते का, तेही पाहिलं. ती आली नाही. आली असती तर गादीने शीर दाबल्याचा संशय आणखी पक्का झाला असता.

सगळ्यात लक्षात राहिली ती बसून केलेली चाचणी. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पाठीला पोक काढायचा, हनुवटी छातीला लावायची आणि डावा गुडघा हळूहळू सरळ करायचा. अर्ध्यातच कळ निघाली. तशाच स्थितीत, पाय जराही न हलवता, मॅडम म्हणाल्या, "आता फक्त मान वर करा." मान वर केली आणि पोटरीतली कळ ओसरली. मी पुन्हा मान खाली घातली, आली. वर केली, गेली. दुखणं स्नायूचं असतं तर मानेशी त्याचा काय संबंध? मेंदूपासून पावलापर्यंत मज्जातंतूंची आवरणं सलग आहेत, मान वाकली की खालपर्यंत ताण पोहोचतो. त्या दिवसापर्यंत मी पोटरीला तेल चोळत होते.

खुबा फिरवून पाहिला, पाय इंग्रजी चारच्या आकड्यासारखा दुमडून जांघ दुखते का पाहिलं, पावलांची नाडी पाहिली. तिथे काही नव्हतं.

शेवटचा भाग पुनःपुन्हा करायच्या हालचालींचा. उभ्याने सारखं पुढे वाकले तर कळ खाली खाली सरकली, पावलापर्यंत. थांबवलं. मग धड मधे आणून पालथं झोपवलं आणि कंबर सैल ठेवून हातांवर छाती उचलायला सांगितली, सावकाश, परत परत. काही वेळाने कंबर जास्त ठणकायला लागली. मी घाबरून सांगितलं. "आणि पोटरी?" पोटरी मोकळी झाली होती! कळ मांडीत आली होती, मग कुल्ल्यात. दुखणं पायातून कंबरेकडे गोळा होणं हे चांगलं लक्षण असतं. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात एक रोगी चुकून पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत पालथा पडून राहिला आणि त्याची पायातली वेदना कमी झाली, तिथून या पद्धतीचा धागा निघाला. मात्र हा व्यायाम बघून कुणी घरी सुरू करू नये. वयोमानाने कण्यातली जागा अरुंद झालेल्यांना मागे वाकून त्रास वाढतो आणि पुढे वाकून बरं वाटतं. कुणाला कुठली दिशा, ते तपासूनच ठरतं.

एमआरआयचं विचारलं. मॅडमनी डॉक्टरांशी बोलून सांगितलं की धोक्याची लक्षणं नसतील तर साधारण सहा आठवडे थांबायला हरकत नाही, ताकद मात्र दर खेपेला तपासायची. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या कण्याचे एमआरआयसारखे फोटो पाहिले होते. पन्नाशीच्या ८० टक्के लोकांत गादी झिजलेली आणि ६० टक्के लोकांत फुगलेली आढळली. फोटोत गादी दिसेल, पण कळ तिचीच का, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

निघताना त्यांनी मला कणकेची परात कशी उचलते ते वजनाची पिशवी घेऊन करून दाखवायला लावलं. मी गुडघे ताठ ठेवून कंबरेतून वाकत होते आणि भार उजव्या पायावर टाकत होते. आता डबे मांडीच्या उंचीच्या स्टुलावर ठेवलेत आणि खुब्यातून वाकायची सवय करतेय. घोडबंदर रोडला बहिणीकडे रिक्षाने जाणं बंद ठेवलंय, कारण बसून धक्के खाल्ले की कळ पावलात उतरते.

दर खेपेला तीच तीन मापं घेतात: पाय किती अंश उचलला जातो, डावी टाच किती वेळ टिकते, कळ कुठपर्यंत पोहोचते. पाय आता बराच वर जातो आणि टाच उजवीच्या जवळ आलीय. टाचेचा ठोका मात्र अजून मंदच आहे. तो कायमचा मंद राहिला तरी चालण्यात फरक पडत नाही, असं मॅडम म्हणाल्या. बघायचं ते ताकदीकडे, आणि टाच पुन्हा ढिली पडली तर त्याच दिवशी फोन करायचा, असं आमचं ठरलंय.