दोन वजनकाटे

"मॅडम, रोज 100 बैठका मारतो, तरी मांडी भरत का नाही?"

पोरगा 19 वर्षांचा, कबड्डीचा चढाईपटू. घोटा पकडीत अडकला, अंग वळलं, गुडघा तिथंच राहिला. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन 5 महिने झाले होते. गुडघ्याच्या वाटीच्या वर 10 सेंटिमीटरवर टेप लावली तर उजवी मांडी 3 सेंटिमीटरनं बारीक. म्हटलं, बैठक मारून दाखव. मारली, चांगली खालपर्यंत. मला काहीच खटकलं नाही, हे कबूल करते.

सहज कोपऱ्यातला वजनकाटा दिसला. दुसरा शेजारच्या दवाखान्यातून मागवला. एकेका पायाखाली एकेक ठेवून त्याला बैठकीतच थांबवलं. चांगल्या डाव्या पायाखाली 47 किलो, उजव्याखाली 25. सोबत आलेले काका खाली वाकून ओरडलेच, "म्हणजे सगळ्या बैठका डाव्यानंच मारल्या की रं!"

व्यायामाचा तक्ता मीच लिहून दिला होता. फिजिओथेरपीच्या कॉलेजात डोक्यात बसलेलं, की बैठक सुरक्षित आणि लेग एक्स्टेन्शनचं मशीन (बसून, पाय सरळ करत वजन उचलायचं) एसीएलवाल्याला वर्ज्य. भीती अगदीच खोटी नाही. मांडीच्या पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, नडगी पुढे ओढतो, आणि पाय सरळ होत येताना शेवटच्या 30-40 अंशांत ग्राफ्टवर, म्हणजे ऑपरेशनात बसवलेल्या नव्या लिगामेंटवर, ताण वाढतो. पण गुडघा 90 ते 45 अंश वाकलेला असतो त्या टप्प्यात तो बराच कमी असतो. हे वाचलेलं होतं, तरी हात धजावत नव्हता. बैठकीत दुखरा पाय चोरता येतो. मशीनवर एकट्या पायाला कुठं लपणार?

सर्जनना फोन केला. ते म्हणाले, कधीच सुरू करायला हवं होतं. ऐकून घेतलं.

मशीनला 45 अंशांवर अडसर लावला, पाय त्यापुढे सरळ होऊ नये म्हणून. डाव्यानं 15 किलो सहज उचलले. उजव्याला 7 किलोच दिले, तेव्हा "एवढंच?" म्हणून हसला. आठव्या वेळेला वाटीच्या आतल्या अंगाचा स्नायू पाण्याबाहेरच्या मासोळीसारखा फडफडायला लागला आणि हसू गेलं. बैठका बंद नाही केल्या. फक्त आता काट्यांवर, आकडे बघत.

जत्रेतले सामने 2 महिन्यांवर होते. 9 महिने पुरे झाल्याशिवाय आणि उजव्याची ताकद डाव्याच्या निदान 90 टक्के झाल्याशिवाय चढाई नाही, असं सांगितल्यावर आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. जत्रेला गेला, पण गुण लिहायला बसला.

परवा पुन्हा काट्यांवर उभा केला. 38 आणि 34. काकांनी चष्मा लावून दोन्ही आकडे स्वतः वाचले.