मामा कारखानदार झाल्यावर

स्मरणिकेत बाकीचे सर-बाईंबद्दल लिहितीलच, मी आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या नात्यागोत्याबद्दल लिहितो, कमिटीने छापलं तर छापलं.

आपल्या वर्गात बहुतेक पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढे सगळे एकत्र नाचायचो. पण एका बाकावरच्या दोघांपैकी एकाचा बाप माग चालवायचा आणि दुसऱ्याचा बाप त्याच मागाचा मालक, आणि आठवड्याचा पगार लांबला की ती दोघं त्या दिवसांत डबा वेगवेगळा खायची. सरांना हे कधी कळलं नसेल.

आमच्या तर घरातच हे झालं. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, 1877 ची ती. मिल बंद पडल्यावर काही वर्षांनी मामाने सेकंडहँड पॉवरलूम घेतले, खाली माग आणि वर संसार. अम्मा विड्या वळायची, मांडीवर सूप, आणि चेकरने खराब विड्यांची छाट काढली की हजाराचे नऊशे धरायचे. आमच्यात मामाची मुलगी म्हणजे हक्काची, त्यामुळे ती पाळण्यात असतानाच अम्मा-मामा या बहीण-भावाचं ठरलेलं की ही आमच्या अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. मग मामाचं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शेड झालं, टॉवेल बाहेर जायला लागले, बंगला झाला, आणि पोरगी लग्नाची झाली तेव्हा मामा म्हणाला, नात्यात दिलं की मुलं अधू होतात, डॉक्टरच सांगतात. पुढच्याच वर्षी तिला मामीच्या सख्ख्या भावाच्या घरी दिली. ते सुताचे व्यापारी.

मामा वाईट माणूस नाही हं, वडिलांच्या ऑपरेशनला पैसे त्यानेच दिले आणि परत कधी मागितले नाहीत. पण त्या लग्नात अम्माला चार दिवस आधी बोलावलं ते पोळ्या लाटायला, आणि स्टेजवर फोटोला कुणी हाक मारली नाही. अण्णा तर गेलाच नाही, कारखान्यात डबल पाळी केली म्हणे.

आपल्या बॅचचंही तेच. ग्रुपवर सगळे अरे-तुरे, पण पोराच्या लग्नाची पत्रिका काहींना घरी येऊन हळदीकुंकू लावून आणि आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर.

आता माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे, पॅकेज बरं आहे, आणि मामाचा नातूही तिकडेच. परवा मामीने अम्माला फोन करून सहज म्हणून पोरीची जन्मतारीख विचारली, शेवटी घरातलंच नातं वगैरे. अम्मा म्हणाली, आधी त्या डॉक्टरला विचारून घ्या.